गार राहू दे तिला

कुणी गार पडलेलं सुचित्राला बघवत नसे. नाशिकची बाई, घरात कुणी नुसतं शिंकलं तरी हिची ओव्याची पुरचुंडी तव्यावर चढलीच. आणि नशिबानं नोकरी कसली द्यावी? कतारला, दोह्यात, एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, गार पडलेल्या प्राण्यांवर नजर ठेवायची! शेकायचं सोडाच, हातसुद्धा लावायचा नाही.

प्राणी म्हणजे वाळवंटातले हेजहॉग, ओंजळीत मावणारे काट्यांचे गोळे. थंडीत किडे मिळेनासे झाले की हे शीतनिद्रेत जातात. अंग मातीइतकं गार, श्वास इतका मंद की मेलाच म्हणावं. जागं व्हायला अंगातली चरबी जाळावी लागते, आणि ती जाळणाऱ्या चुली म्हणजे पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रिया. त्यांचे स्वतःचे जनुक आईकडूनच येतात. बापाला तिथं कोणी विचारत नाही. म्हणून सुचित्रा एका मादीच्या आणि तिच्या पांगलेल्या पिलांच्या मागावर होती. पण मादी यंदा फार रोडावली होती. अवेळी उठली तर चरबी अर्ध्या वाटेतच संपणार, आणि बाईसाहेब डोळे उघडण्याआधीच जाणार.

जानेवारीतल्या त्या सकाळी नवरा मधु तिला गाडीनं शहराच्या अबू हमूर भागात घेऊन आला, तर मादीच्या बिळाच्या तोंडाशीच खोदायचं मशीन उभं! वर्ल्ड कप येऊ घातलेला, सगळं शहर उकरून ठेवलेलं.

"मॅडम, यल्ला, जल्दी करो, आज ये पूरा खुदेगा," मुकादम हाफिज म्हणाला.

कशीबशी विनवणी करून तिनं चहापुरतं मशीन थांबवलं, मादीला मातीसकट अलगद खोक्यात घेतलं आणि खोकं मधुच्या हाती दिलं. हाफिजचे आभार मानून ती गाडीत बसली.

"हळू चालव. खड्डा लागला तर बघ!"

पुढचा रस्ता बंद, वळसा घ्यावा लागला. तिनं मागच्या सीटकडे पाहिलं. मादीचं पोट भराभर हलत होतं. खोक्याला हात लावला, तर तळ ऊन!

"मधु, खाली काय ठेवलंयस?"

"अगं, माझी पाठ शेकायची पिशवी. गरम होती अजून. किती गार पडली होती बिचारी!"

घ्या! प्रेमानं केलं होतं मेल्यानं!

"मारशील तिला!" सुचित्रा ओरडली. पिशवी भिरकावली, एसी होता नव्हता तेवढा लावला, काचा खाली केल्या. दोघांचे दात वाजू लागले. खोकं छातीशी धरावं म्हणून तिचे हात नुसते शिवशिवत होते, पण अंगाची ऊब लागेल म्हणून तिनं ते लांब धरलं. असं कधी कुणाला लांब धरलं नव्हतं तिनं. तिला स्वतःचाच राग आला.

प्रयोगशाळेत पोचताच तिनं खोकं थंड कपाटात ठेवलं आणि काचेला डोळे लावले. श्वास. लगेच दुसरा. काटे थरथरले. आता जाग येण्याचं कापरं भरलं की संपलंच. थोड्या वेळानं श्वासांमध्ये फट पडली. मग मोठी फट. मग पोट हलेचना.

मधुनं तिच्या गालावरचं पाणी पाहिलं. "गेली का गं?" "माझ्यामुळं?"

सुचित्रा तापमानाच्या आकड्याकडे बघत होती. तो उतरत होता. पोट पुन्हा एकदा, अगदी सावकाश, वर आलं.

"नाही रे," ती हुंदका देत म्हणाली. "गार पडली. झोपली परत."

मधु तिथंच जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला.