शेवटचे दोन आकडे

माझ्या धाकट्या भावाला आमच्या कारखान्यात सगळे 'कुलूप' म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण त्याला ठाऊक आहे. आम्ही कृत्रिम पाय बनवतो. म्हणजे आतले कारागीर बनवतात. मी पुढच्या टेबलावर बसून मापं घेते, फोन घेते आणि लोकांची बोलणी खाते. भाऊ जिन्याखालच्या खोलीत बसतो. तिथे मेलचा सर्व्हर, एक कुरकुरणारा पंखा आणि पाठ मोडलेली खुर्ची आहे. बाहेरगावच्या हॉस्पिटलांतून पेशंटची मापं येतात ती मेलने, म्हणजे त्याच्याच दारातून.

माणूस वाईट नाही, पण चिवट. लहानपणी घरातला नळ गळायला लागला की आई खाली बादली लावून मोकळी व्हायची आणि हा पाना घेऊन नळाशी झोंबत बसायचा. नळ बंद व्हायचा हे खरं, पण मग तो कुणाच्या बापाला उघडता यायचा नाही.

गेल्या वर्षी फालतू मेलचा नुसता पूर आला. टकलावर केस उगवणारी तेलं, न काढलेल्या तिकिटाला लागलेली लॉटरी, बँकेचं नाव लावून आलेले भामटे. त्या कचऱ्यात खरी मापं शोधता शोधता माझे डोळे दुखून यायचे. साहेब तर रोज सकाळी जिन्यावरूनच सुरू व्हायचे, "अहो, तुम्ही खाली बसून करता काय? माझ्याशी लग्नाला तयार असलेल्या सतरा बायकांची मेलं आलीत आज!" सगळे हसायचे. भाऊ हसायचा नाही.

मेल ज्या मशीनवरून येतं त्याला आकड्यांचा पत्ता असतो, मध्ये टिंब देऊन लिहिलेले चार आकडे. भाऊ एक पत्ता बंद करायचा. दुसऱ्या दिवशी तोच भामटा शेजारच्या पत्त्यावरून हजर, फक्त शेवटचा आकडा बदललेला. पुन्हा बंद, पुन्हा हजर. बिचाऱ्याच्या नाकी नऊ आले. मग त्याने मास्क लावायला सुरुवात केली. मास्क म्हणजे काय, ते मला त्याने जेवताना सांगितलं.

"ताई, समज मी सर्व्हरला म्हटलं, पहिले तीन आकडे बघ, चौथा बघूच नकोस. की अख्खी गल्ली बंद. घर कुठलं का असेना."

"आणि त्या गल्लीत एखादा भला माणूस राहत असेल तर?"

"असल्या गल्लीत भला माणूस मरायला जातोय?"

म्हटलं, बघ बाबा.

गल्ल्या बंद झाल्या, तर भामटे पलीकडच्या गल्लीतून यायला लागले. शेवटी एकदा साहेबांनी सगळ्यांसमोर त्याला सुनावलं, "जमत नसेल तर सांगा, दुसरा माणूस बघतो." भाऊ तडक उठला. खोलीत गेला आणि रागाच्या भरात मास्क रुंद केला. पहिले दोन आकडे बघ, शेवटचे दोन बघूच नकोस. आता गल्ली नाही, अख्खी वसाहत बंद, पासष्ट हजारांवर पत्ते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची मेलं धुतल्यासारखी स्वच्छ. साहेबांनी त्याची पाठ थोपटली, आणि हा दोन दिवस शीळ घालत फिरला.

त्याच सुमारास एका मुलीचं काम माझ्याकडे आलं. सातवी-आठवीतली असेल. गुडघ्याखाली एक पाय नाही आणि आमचा जुना कृत्रिम पाय आखूड पडलेला, कारण ती उंच होत होती. वाढत्या मुलांचं असंच असतं. माप घेतलं की पाय लगेच करावा लागतो, नाहीतर माप शिळं होतं. तिच्या गावच्या धर्मादाय हॉस्पिटलातल्या फिजिओथेरपिस्ट बाई मापं पाठवणार होत्या. फोनवर माझ्याशी मुलगीच बोलली. "मावशी, शाळा नवी आहे. तिथे मला कुणी ओळखत नाही. पहिल्या दिवशी कुबड्या घेऊन नाही जायचं मला." मी शब्द दिला. म्हटलं, मापं येऊ देत, शाळेआधी पाय देते.

मापं काही येईनात.

"अरे, त्या हॉस्पिटलचं मेल आलं का?"

"नाही."

"नीट बघ."

"ताई, आलं नाही म्हणजे आलं नाही. आता जाऊन घेऊन येऊ का?"

हॉस्पिटलला फोन लावावा तर उचलणारा म्हणायचा, बाई वॉर्डात आहेत, निरोप देतो. ते निरोप कुठल्या खड्ड्यात जायचे देव जाणे. शाळा उघडायचे दिवस जवळ येत चालले आणि माझा जीव टांगणीला लागला. अखेर एकदा बाई स्वतःच फोनवर सापडल्या. मी तोंड सोडलं. लेकरांच्या पायाशी खेळता का, इथपर्यंत बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मापं आम्ही केव्हाच पाठवली. तुम्हीच नको म्हणून कळवलंत. पुन्हा पाठवू नका, असं स्पष्ट लिहिलं होतं. मी मुलीच्या आईला तसं सांगूनही टाकलं."

तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच जिन्याखाली गेले. भावाने नाकारलेल्या मेलची नोंद उघडली. हॉस्पिटलने आपलं मेल नुकतंच एका भाड्याच्या मशीनवर हलवलं होतं, आणि ते मशीन नेमकं त्याच वसाहतीत. मेल दारातून हाकललं की सर्व्हर उलट एक ओळ पाठवतो. ती ओळ भावाने स्वतः घातलेली. 'तुमच्याकडून आम्हाला काहीही नको आहे. पुन्हा पाठवू नका.' खाली कारखान्याचं नाव.

"हे तू लिहिलंस?"

"चोरांसाठी लिहिलं होतं, ताई."

"चोर वाचत बसतात होय रे ते? ते वाचणार फक्त खरा माणूस!"

त्याचा चेहरा पडला. त्याने मास्क काढला, ओळ काढली. त्याच दुपारी साहेबांच्या लग्नाळू बायका परत आल्या आणि साहेब जिन्यावरून ओरडले. या वेळी मी वर बघून म्हटलं, "साहेब, जरा गप्प बसा." ते खरंच गप्प बसले.

मायलेकींना मी फोन करून बोलावून घेतलं. हॉस्पिटलने घेतलेली मापं आता कामाची नव्हती. एवढ्या आठवड्यांत मुलगी आणखी वाढली होती. पुन्हा माप, पुन्हा साचा, आणि शाळा तर सोमवारी उघडणार. कारागिरांनी जीव काढला असता तरी पाय होण्यातला नव्हता. मी तसं सांगितलं. मुलगी खाली बघत राहिली.

एवढ्यात भाऊ बाहेर आला. तो कधी पेशंटसमोर येत नाही. त्याने मुलीच्या आईला सगळं सांगायला घेतलं, पत्ते, गल्ली, वसाहत, मास्क. ती भली बाई मान हलवत राहिली. तिला काही कळत नव्हतं, हे मला दिसत होतं. त्यालाही दिसलं असावं, कारण तो एकदम चिडला.

"पण तुम्ही फोन करून भांडायचं नाही का आमच्याशी? सरळ शिव्या द्यायच्या!"

तिला त्याच्या चिडण्याचंच नवल वाटलं.

"नको म्हटल्यावर काय भांडायचं, भाऊ? वाटलं, तुम्हालाही जमत नसेल. बऱ्याच ठिकाणी नाही जमत."

भावाला दोन ठेवून द्याव्यात असं मला वाटत होतं आणि त्याच्याकडे बघवतही नव्हतं. मी मापाची टेप घेतली आणि मुलीसमोर खाली बसले. तिने पाय पुढे केला. नवा पाय कधी मिळेल, हे तिने विचारलंच नाही.