डॅश डब्ल्यू

रेवदंड्यातल्या माझ्या शेजाऱ्याचा पाय कधी स्थिर नसतो. तो खुर्चीत बसला की टेबलावरचा चहा हलतो. होड्यांना वादळाचा मेसेज पाठवणारा प्रोग्राम तो घरून सांभाळतो. पूर्वी कोड बदलला की 'गिट डिफ' ही आज्ञा लावून जुनं-नवं ताडून बघायचा आणि पुढे हटकून 'डॅश डब्ल्यू' जोडायचा. मग नुसत्या मोकळ्या जागांचे फरक दिसत नाहीत. "कचरा कशाला बघायचा?" म्हणायचा.

पण त्याचा प्रोग्राम ज्या भाषेत आहे त्या पायथॉनमध्ये ओळ किती मोकळ्या जागा सोडून आत आहे, यावर तिचा अर्थ ठरतो. एकदा 'मेसेज पाठव' ही ओळ 'वादळ असेल तर'च्या खालून सरकून बाहेर आली. डॅश डब्ल्यूने काहीच दाखवलं नाही. वादळ नसतानाच मेसेज गेला आणि लख्ख उन्हात सगळ्या होड्या जाळी गुंडाळून परत आल्या. हा स्वतः बंदरावर गेला, "चूक माझी" म्हणाला आणि शिव्या खाऊन आला.

आता तो एकेक मोकळी जागा बघतो. तरी चैन पडत नाही. खरा इशारा गेला की स्कूटर काढून बंदरावर धावतो. परवा मीही मागे बसलो. मेसेज सगळ्यांना आला होता, तरी होड्या निघायच्या तयारीत होत्या. याला बघितल्यावर एका म्हाताऱ्या नाखव्याने सोडलेला दोर परत बांधला.

"फोनचा काय भरवसा न्हाय. तू आलास म्हंजे खरा."

परतताना मी विचारलं, "तुझ्या बहिणीच्या लग्नाला पुण्याला कधी निघतोस?"

त्याने आरशात मागे पडणाऱ्या बंदराकडे बघितलं. स्कूटर चालवतानाही त्याचा पाय हलत होता.