न्यू ड्रॅगनची मालकीण

सहा महिन्यांच्या व्हिसावर लीड्सला आलेल्या सिंधुबाई दाभाडे यांच्या बॅगेत सुनेने सांगितलेल्या सगळ्या वस्तू होत्या, आणि न सांगितलेल्या दोन: घरी केलेल्या शेजवान चटणीची बरणी आणि दीड हात लांबीची लोखंडी पळी.

"आई, पळी कशाला आणलीत?" राजश्रीने विचारलं.

"धम्माच्या चाळिशीला मी करीन की चायनीज. त्याच्या दवाखान्यातल्या लोकांना बोलवा."

"बघू हं आई," राजश्री म्हणाली. सिंधुबाईंना तो होकार वाटला.

जालन्याच्या बसस्टँडसमोर सिंधुबाईंची 'न्यू ड्रॅगन चायनीज' ही हातगाडी सोळा वर्षं उभी होती. जुनं ड्रॅगन कुठेच नव्हतं. नावाआधी 'न्यू' लावलं की गिऱ्हाईक येतं, असा त्यांचे यजमान विलासराव यांचा सिद्धान्त होता. विलासराव नंबरप्लेटा रंगवायचे. गाडीवरचा ड्रॅगनही त्यांनीच रंगवला, आणि तो घोरपडीसारखा दिसत असे. मुलगा आठवीत असताना ते वारले. मग कढई सिंधुबाईंच्या हातात आली. प्लेट तयार झाली की त्या पळी कढईच्या काठावर तीनदा वाजवत, टण टण टण, आणि स्टँडच्या त्या टोकाचा माणूसही उठून येई. धम्मदीप दहावीनंतर स्टँडवरून जाईनासा झाला. मागच्या रस्त्याने कॉलेज दीड किलोमीटर लांब पडायचं, पण तो तिकडूनच जायचा. अभ्यासात मात्र हुशार होता. हाडांचा डॉक्टर झाला.

लीड्समध्ये दरवर्षी जयंतीच्या कार्यक्रमात त्याचं भाषण असतं. विषय बहुधा स्वाभिमान. त्यात 'माझ्या आईने अपार कष्ट केले' हे वाक्य येतं आणि टाळ्या पडतात. सिंधुबाईंनी ती सगळी भाषणं फोनवर पाहिली होती. कष्ट कसले, ते एकाही भाषणात नव्हतं. त्यांची एवढीच इच्छा होती: मुलाने एकदा चारचौघांत गाडीचं नाव घ्यावं. तेवढ्यासाठी त्या वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी विमानात बसल्या.

वाढदिवसाच्या आठ दिवस आधी त्यांनी तालीम म्हणून जाळ नसलेल्या शेगडीवर तेल तापवलं आणि त्यात मूठभर मिरच्या टाकल्या. छतावरचा अलार्म बोंबलायला लागला. शेजारचा म्हातारा चपला न घालता बाहेर आला. राजश्रीने सगळ्या खिडक्या उघडल्या, पळी गॅरेजमध्ये नेऊन ठेवली आणि हॉटेलात टेबल सांगितलं.

"चायनीजच आहे, आई. तुम्हाला आवडतं ना?"

टेबल गोल होतं, मध्ये फिरणारी काच. दहा माणसं. त्यांत धम्मदीपच्या वॉर्डातली हॅना नावाची डॉक्टर आणि मराठी कळणारा बाहेरचा एकच, त्याचा मित्र उदय. हाताला कढईचे डाग आहेत म्हणून राजश्रीने सासूला लांब बाह्यांचा स्वेटर घातला होता. काच फिरत आली तसा त्यांच्यासमोर आल्याच्या काड्या घातलेला वाफवलेला अख्खा मासा थांबला. त्यांनी तुकडा तोंडात टाकला.

"धम्मा, नुसतं उकडलंय की रे हे. मंचुरियन सांग ना."

"आई, तसलं काही चीनमध्ये नसतं."

सिंधुबाईंनी माशाचा आणखी एक तुकडा घेतला. जे विकून मुलगा डॉक्टर केला ते मुळात अस्तित्वातच नव्हतं, ही माहिती पचवायला मासा पुरेसा हलका होता.

"मंचुरियन म्हणजे काय?" हॅनाने विचारलं.

आता धम्मदीपकडे गोष्ट सांगायची कला आहे. त्याने खुर्ची मागे सारली. म्हणाला, आमच्याकडे रस्त्यावर एक चायनीज मिळतं, ते चीनने पाहिलं तर युद्ध होईल. गाडीवर ड्रॅगन, पण दिसतो घोरपडीसारखा. नाव न्यू ड्रॅगन. सॉसचा लाल रंग असा, की रविवारी खाल्लं तर बोटं बुधवारपर्यंत लाल. लोक हसायला लागले. सिंधुबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण ड्रॅगन, सॉस, शेजवान हे सगळे शब्द त्यांच्याच धंद्यातले होते. त्या ताठ बसल्या. डोळे मुलाच्या तोंडावर. आता तो आपल्याकडे हात करणार, एवढंच राहिलं होतं.

"आणि तो गाडीवाला," धम्मदीप म्हणाला, "सूप देताना अंगठा वाटीत बुडवूनच द्यायचा!"

अंगठ्याचा तपशील नवा होता. तो त्याने करूनही दाखवला. मग चमचा घेऊन चहाच्या किटलीवर वाजवला: टण टण टण. आवाज मात्र हुबेहूब होता.

"तुला इतकं कसं माहीत?" हॅना डोळे पुसत म्हणाली.

"घराजवळ होती एक."

अकरा वर्षांची नात तनू मोडक्या मराठीत म्हणाली, "आजी, बाबा तुझा गाडी सांगतोय ना?"

"तनू, नूडल्स खा," राजश्री म्हणाली.

उदयला ते कळलं. त्याने ताटाकडे पाहिलं, मग धम्मदीपकडे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आधी इंग्रजीत, मग मराठीत विचारलं, "काय आई, तुम्ही खाल्लंत का हो कधी त्या गाडीवर?"

धम्मदीपचा चमचा किटलीवर अधांतरी होता. दहावीनंतर मागच्या रस्त्याने जाताना त्याचा चेहरा कसा असेल, हे सिंधुबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. ते आता पाहिलं.

"नो, नो," सिंधुबाई म्हणाल्या. "व्हेरी डर्टी."

त्या रात्रीचं सगळ्यात मोठं हसू ते होतं. हॅनाने टाळ्या वाजवल्या. सगळे हसतायत म्हणून सिंधुबाईही हसल्या.

गाडीत बसल्यावर धम्मदीपने आरशातून मागे पाहिलं. "आई, मानलं तुला. काय टायमिंग होतं!"

"आजी खोटं बोलला," तनू म्हणाली.

पुढच्या शनिवारी उदयकडे जेवण होतं. निघताना धम्मदीप म्हणाला, "किस्सा मी सांगतो. शेवटचं वाक्य तुझं. आधी जरा थांबायचं, मग बोलायचं."

सिंधुबाई थांबून बोलल्या. व्हिसा संपेपर्यंत पाच घरांत प्रयोग झाले. तिसऱ्यापासून त्या वाक्याआधी नाकाला पदर लावू लागल्या. ही भर त्यांची स्वतःची. मुलाने चारचौघांत गाडीचं नाव घ्यावं, ही इच्छा एकदाची होती. हॉटेल धरून ती सहादा पूर्ण झाली.

विमानतळावर धम्मदीपने त्यांना मिठी मारली. "पुढच्या वर्षी नक्की ये. लोक विचारतात तुला."

पळी गॅरेजमध्येच राहिली. पन्हाळीत अडकलेली पानं काढायला राजश्रीला ती बरी पडते. लांब आहे.