बर्फातल्या म्हाताऱ्याची गोष्ट

लोक विचारतात, तिकडे गोळीबार किती व्हायचा. माझ्या वाट्याला एक तंबू, एक स्टोव्ह आणि एक टेलिफोन आला होता. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमची कंपनी उत्तरेकडच्या बर्फात होती. मी टेलिफोन लाइनवर नायक. गाव यावलजवळ. माझ्या वर तासाभराच्या चढावर दुसरी पोस्ट होती. तिथे लान्स नायक भिला होता, पिंपळनेरकडचा. एरवी प्रत्येक पोस्टवर दोघे असत. पण आमचे दोघांचेही जोडीदार आजारी पडून खाली गेले आणि बदली माणसं यायच्या आत हवामान बिघडलं. अकरा दिवस आम्ही एकेकटे होतो.

पहाटे पाचला उठायचं. तंबूवरचा बर्फ फावड्याने काढायचा. बर्फ वितळवून पाणी करायचं, त्यालाच तास जायचा. रात्री आठपर्यंत दर दोन तासांनी लाइन चेक. दुपारी तीनला तब्येतीचा रिपोर्ट. खोकला असो, डोकेदुखी असो, सांगायचंच, असा कडक हुकूम होता. भिलाचा रिपोर्ट मी घ्यायचो आणि खाली कंपनीला कळवायचो.

त्या उंचीवर झोप येत नाही. रात्री आठच्या चेकनंतर भिला म्हणायचा, "भाऊ, गोष्ट सांग." मी पहिल्या रात्री केळीच्या बागांचं सुरू केलं, तर लगेच म्हणाला, "घरनी गोष्ट नको सांगू. नीज उडी जास."

मग मी एक म्हातारा रचला. तो बर्फात एकटाच राहायचा, पण आमच्यासारखा रडत नव्हता. सकाळी चहा करायचा, मोजे शिवायचा, दारात येणाऱ्या कावळ्याला बिस्किटाचा चुरा टाकायचा. कुठे जायची घाई नाही, कोणाचा हुकूम नाही. भिला प्रत्येक वाक्याला "हं" म्हणायचा. आमच्याकडे हुंकार दिल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. हुंकार थांबला की गडी झोपला, असं समजून मी रिसीव्हर ठेवायचो. म्हाताऱ्याची गोष्ट कधीच संपली नाही.

दहाव्या दिवशी हवा उघडली. परवा बदली येणार, असा निरोप आला. तीनच्या रिपोर्टला भिला खोकत होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"सकायपासून. सायेबले सांगू नको, भाऊ. दवाखान्यात टाकतीन, सुट्टी जाई. बहीननं लगीन शे."

मी त्याला शिव्या घातल्या. मग खाली कळवलं, "दोन्ही पोस्ट, सब ठीक."

रात्री आठला त्याने गोष्ट मागितली. आवाज बसला होता. मी म्हाताऱ्याला चहा पाजला, मोजे शिवून घेतले. हुंकार येत होता, मध्ये खोकला येत होता. म्हाताऱ्याने दार लावलं, कंदील बारीक केला. हुंकार आला नाही. मी रिसीव्हर ठेवला.

पहाटे पाचला घंटी वाजवली. उत्तर नाही. खाली कळवून मी निघालो. तासाचा चढ, मला तीन तास लागले. भिला स्लीपिंग बॅगमध्ये होता, रिसीव्हर कानाजवळ. थंड पडला होता. फुप्फुसात पाणी झालं होतं, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. तीनला कळवलं असतं आणि उजेड होता तोवर खाली उतरवला असता, तर वाचला असता का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "शक्यता होती." अधिकाऱ्यांना मी सगळं खरं सांगितलं. शिक्षा झाली, ती भोगली. त्याने काही हलकं वाटलं नाही.

सुट्टी मिळाल्यावर धुळ्याहून एसटीने त्याच्या घरी गेलो. बहिणीचं लग्न पुढे ढकललं होतं. तिने चहा ठेवला. मी त्याच्या आईला खोकल्याचं सांगितलं, माझ्या "सब ठीक"चंही सांगितलं. बहीण उठून आत गेली. मी उठायच्या बेतात होतो.

"शेवटले काय बोलना तो?" आईने विचारलं.

"काही नाही, अक्का. गोष्ट ऐकत होता. हुंकार देत होता."

"कोनती गोष्ट?"

मी सांगितली. कावळा, मोजे, चहा. दार लावलं, कंदील बारीक केला. तिथे मी थांबलो.

"मंग पुढे?"

पुढे काही नव्हतंच. तिथवर कोणी जागं राहिलंच नव्हतं. पण ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "सकाळ झाली. म्हाताऱ्याने दार उघडलं."

"हं," ती म्हणाली.

"बाहेर ऊन होतं. वाट मोकळी झाली होती."

"हं."

"त्याने पोतडी खांद्यावर घेतली आणि खाली उतरायला लागला."

तिने पदर तोंडाला लावला. तरी हुंकार दिला. मी त्याला उतरवत उतरवत गावापर्यंत आणला.