खोक्यातला मिक्सर

आज सकाळी चटणी वाटताना आमचा मिक्सर जळाला. तरी माझ्या बायकोने, मीनलने, सवयीने तो पुसला आणि ती तो खोक्यात ठेवायला निघाली.

या परदेशातल्या गावात आलो तेव्हाच तिने ठरवलं होतं, कायम राहण्याचा परवाना मिळाला की मिक्सर ओट्यावर मांडायचा. तोवर वाटण झालं की थर्माकोलमध्ये बसवून पुन्हा खोक्यात. उद्या नकार आला तर बांधाबांध नको. मी हसायचो तिला. पण भिंतीत साधा खिळा ठोकायचा तर माझाही हात अडतो.

अर्ज कुठवर आला विचारलं की 'विचाराधीन आहे' एवढंच उत्तर येतं, वर्षानुवर्षं. आई फोनवर विचारते, "घरी कधी येणार?" मी म्हणतो, "येऊ लवकरच." आणि भाजी घेऊन झाली की मीच मीनलला म्हणतो, "चल, घरी जाऊ." दोन्ही वेळा आपण थापा मारतोय असं वाटतं. आपण इथे राहतोय की निघालोय, काही कळेनासं होतं.

दुपारी नवा मिक्सर आणला. "हा तरी ओट्यावर राहू दे गं," मी म्हणालो.

"राहू दे," म्हणत तिने जुना कचऱ्यात टाकला. मला हायसं वाटलं. तेवढ्यात ती जुना, रिकामा खोका घेऊन कपाटावर ठेवायला स्टुलावर चढली.

"अगं, नव्याचा खोका आहे ना? मग हा कशाला?"

"मलाही कळत नाही," ती म्हणाली.

स्टूल डगमगत होतं. मी ते घट्ट धरलं.