आई बसली की निळा पडदा

आमच्या घरच्या संगणकाचं फक्त आईशी वाकडं होतं. मी कॉलेजातून आल्यावर तीन-तीन तास गाड्यांच्या शर्यती खेळायचो, तेव्हा तो गुणी बाळासारखा चालायचा. बाबा त्यावर पत्ते लावायचे, तेव्हाही त्याची कुरकुर नसायची. आई बसली की मात्र वीस-पंचवीस मिनिटांत पडदा निळाशार व्हायचा, त्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी उमटायच्या आणि तिने टाइप केलेलं सगळं पाण्यात जायचं.

दोन हजार साल उलटून दोनेक वर्षं झाली होती. आई पंचवटीतल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि सरकारने सगळ्या कर्मचाऱ्यांना संगणकाची परीक्षा सक्तीची केली होती. नापास झालं तर वेतनवाढ रोखणार, असं सगळे म्हणत. आईला वेतनवाढीचं फारसं काही नव्हतं. तिची धास्ती वेगळीच होती. एकदा पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "चोवीस वर्षं मी पोरांना पास-नापास करत आले. आता मीच नापास झाले तर वर्गात कुठल्या तोंडाने उभी राहू?" पहिलीच्या पोरांचे हात हातात धरून अक्षरं गिरवून घेणाऱ्या या बाईला माऊस दोन्ही हातांनी धरावा लागायचा, हे मी पाहिलं होतं. पाहिलं होतं एवढंच, त्याबद्दल काही वाटून घेतलं नव्हतं.

कारण मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो होतो. आमच्या कॉलनीत कुणाचा प्रिंटर अडला तरी मला बोलावणं यायचं. आपल्याच घरचा संगणक आपलं ऐकत नाही, हा मला अपमान वाटायचा. संगणकाचा टेबलाखालचा डबा उघडून मी आतली रॅमची पट्टी काढली आणि तिचे सोनेरी दात खोडरबरने घासून परत बसवली. हा तेव्हाचा सगळ्या रोगांवरचा उपाय होता. खोडरबर आईच्याच पर्समधलं. तिच्या पर्समध्ये दोन-चार खोडरबरं आणि खडूचे तुकडे कायम असायचे. मग मी व्हायरस शोधला, तो सापडला नाही. मग सगळं पुसून नव्याने भरलं. त्यात आईने सरावासाठी टाइप केलेले अर्ज गेले. ती पुन्हा पहिल्यापासून टाइप करायला बसली.

बाबा सरकारी कचेरीत कारकून होते, त्यामुळे त्यांनी नोंदवही सुरू केली. निळा पडदा किती वाजता आला, त्यावर काय आकडे होते आणि कोण बसलं होतं, असे तीन रकाने त्यांनी पट्टीने आखले. दोन आठवड्यांनी त्यांनी ती वही माझ्यासमोर ठेवली. तिसऱ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच नोंद होती: सौ., सौ., सौ.

मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि म्हणालो, "आई, तूच काहीतरी दाबतेस."

तिने वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आपण काय दाबतो ते आठवून बघते, म्हणाली. त्यानंतर ती एकाच बोटाने टाइप करायला लागली, तवा तापला की नाही हे बघताना बोट लावतात तसं. मी खुर्चीमागे उभा राहून तिच्या बोटांवर पहारा ठेवायचो. एकदाही चुकीची कळ दाबलेली मला सापडली नाही, तरी पडदा निळा व्हायचाच. तो झाला की आई आधी घाईघाईने टेबलाखाली वाकायची आणि मग उठून मला जागा द्यायची. बटण बंद करायला वाकते, असं मला वाटायचं.

शेवटी दुरुस्तीवाल्याकडे न्यायचं ठरलं. बाबा स्कूटर चालवत होते आणि मी मागे बसून चादरीत गुंडाळलेला डबा मांडीवर धरला होता. भाजीबाजाराच्या गर्दीत अडकलो तेव्हा मेथी विकणाऱ्या एका मावशींनी चौकशी केली, "टीव्ही बिघडला का काय? लय जपून धरलाय." दुरुस्तीवाल्याने डबा दोन दिवस ठेवून घेतला. त्याच्याकडे तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालला, एकदाही अडला नाही. यंत्रात काही दोष नाही, वापरणाऱ्याकडे बघा, असं त्याने सांगितलं. ते वाक्य मी घरी येऊन जेवताना सगळ्यांना ऐकवलं. अगदी चवीने ऐकवलं, हे कबूल करायला हवं.

दुसऱ्या दिवसापासून आई संगणकावर बसेना. उन्हाळ्याची सुट्टी संपत आली होती, परीक्षा आठ दिवसांवर होती. मी या वेळी नाव काढून घेते, असं ती बाबांना म्हणाली. माझ्या हाताला ते लाभत नाही, म्हणाली. बाबांनी खूप समजावलं, तेव्हा कुठे ती अजून एकदा बसून बघायला तयार झाली.

त्या दुपारी मी बाहेरून घामाघूम होऊन आलो आणि पंख्याखाली जमिनीवरच बसलो. आई पाठमोरी टाइप करत होती. महिन्याभरात पहिल्यांदा माझी नजर तिच्या हातांऐवजी तिच्या पायांकडे गेली. टेबलाखालचा डबा पार मागे, भिंतीला टेकवून ठेवलेला होता आणि त्यावर जुन्या सुती साडीची चौपदरी घडी अंगभर पांघरवली होती. मी हात लावला. आतला डबा चटका बसेल इतका तापला होता.

"हे काय आहे?"

कॉपी करताना पकडलेल्या पोरीसारखा तिचा चेहरा झाला. "अरे, पाय लागतो. इथे पाय ठेवायला जागा कुठे आहे? विद्येला पाय लावायचा का?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बसण्याआधी ती डबा भिंतीपर्यंत सरकवायची, त्यावर घडी घालायची, म्हणजे चुकून पाय लागलाच तर कापडाला लागेल, आणि नमस्कार करून मगच सुरू करायची. पडदा निळा झाला की वाकायची ती घडी काढून घ्यायला, कारण मी ती बघून हसलो असतो. हसलोच असतो. मी स्वतः डबा पुढे ओढून दोन्ही पाय त्याच्यावर ठेवून खेळायचो. ते ती रोज बघत होती. मला कधी बोलली नाही. माझ्या वाटचा नमस्कारही तीच करत असावी.

मी घडी काढली आणि डबा उचलून टेबलावर, तिच्या उजव्या हाताशी ठेवला. तो थंड झाल्यावर ती पुन्हा बसली. दीड तास झाला, दोन तास झाले, पडदा शहाण्यासारखा पांढराच राहिला. पण आई खूश दिसेना. "म्हणजे चूक माझीच होती," ती म्हणाली. मी लगेच तिला आतला पंखा, हवा, उष्णता यांवर छोटंसं व्याख्यान दिलं. मला तेव्हा एवढंच सुचलं याची आजही लाज वाटते.

आईने परीक्षा दिली आणि ती चांगली पास झाली. पण मला आठवते ती परीक्षेच्या दिवसाची संध्याकाळ. ती घरी येऊन कोथिंबीर निवडत बसली होती. बाबांनी पेपर कसा गेला विचारलं, तर बरा गेला, एवढंच म्हणून ती भलतंच सांगायला लागली. तिच्या शेजारच्या संगणकावर येवल्याकडच्या एक बाई होत्या, पहाटेच्या एसटीने आलेल्या. मध्येच त्यांचा पडदा निळा झाला. त्या हात मांडीवर घेऊन बसून राहिल्या, डोळे भरून आले. "मी काय नाय केलं हो, आपोआप झालं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. आई आपला पेपर तसाच सोडून उठली आणि तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"मी म्हटलं, बाई, तुमचं काहीही चुकलेलं नाही. यंत्राला कुठेतरी त्रास होतोय, तो काय आहे ते इथली माणसं शोधतील." त्यावर पर्यवेक्षक आईला चांगलेच ओरडले. ते सांगताना मात्र ती हसली.

मी पाण्याचा पेला हातात घेऊन दारात उभा होतो. महिनाभर जे वाक्य माझ्याकडून तिला मिळायला हवं होतं, ते तिने एका अनोळखी बाईला उभ्या उभ्या देऊन टाकलं होतं. मी म्हणालो, "आई, हे मी तुला म्हणायला हवं होतं."

तिने वर पाहिलं. "आता म्हणालास ना," असं म्हणत तिने अर्धी जुडी माझ्याकडे सरकवली. मी तिच्या शेजारी खाली बसलो आणि कोथिंबीर निवडायला लागलो.