आडवी बाटली आणि सुधाकरचा स्पीकर

मागच्या रविवारी आमच्या गावात बाटलीचं मतदान झालं. आम्ही हरलो. फोटो टाकण्यासारखं काही नाही म्हणून लिहून राहिली... चुका दिसल्या तर हसा, माझी शाळा चौथीतच सुटली.

बाहेरगावच्या लोकांसाठी सांगते. गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायचं तर बायांनी मतदान मागायचं, असा कायदा आहे. चिठ्ठीवर दोन बाटल्या असतात. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. मतदान घ्यायला येते ते दारूबंदीचं खातं, आणि दुकानाचं लायसन पाहते तेही हेच खातं. आता बोला.

अजून एक. प्यायलाही परमिट लागते म्हणे. माझ्या भावाजवळ परमिट नाही, म्हणजे सरकारच्या लेखी तो पीतच नाही.

भाऊ म्हणजे सुधाकर. माझ्याहून लहान. बायको माहेरी गेली ती आलीच नाही, म्हणून माझ्याच घरी जेवतो. स्पीकर बनवतो, पण लग्नातले छाती दणाणणारे नाही. काही शौकीन लोकांजवळ गाणी ऐकायची, काचेच्या ट्यूबची जुनी मशीन असते, दिव्यासारखी पेटते, पण ताकद अगदीच कमी. तिच्यावर साधा स्पीकर नुसता कुजबुजतो. सुधाकरचा गातो.

"ताई, मशीन गरीब असली तं स्पीकर समजदार पाहिजे," असं म्हणतो. आतला पडदा हलक्या कागदाचा, आणि डबा कपाटाएवढा. तो कागद चिकटवायला हात स्थिर लागतो... आणि सुधाकरचा हात सकाळी दारू पोटात गेल्याशिवाय थांबत नाही. दुकान त्याच्या कामाच्या खोलीसमोरच आहे.

आम्ही मतदान मागायचं ठरवलं तेव्हा तोच म्हणाला, "माह्यानं नाही सुटत ताई. तुमी बायाच हटवा ते दुकान." भावाच्या तोंडून एवढं आल्यावर मी कुठली घरी बसते!

प्रचाराला माईक पाहिजे होता. डीजेवाल्याला विचारलं तर म्हणे, "मावशी, त्या दुकानदाराच्या पोरीचं लग्न हाय माह्याकडे. मले कायले मारता?" भेकड मेला.

मग सुधाकरनं आपलाच कपाटाएवढा स्पीकर मालाच्या ऑटोत चढवला आणि ऑटोच्या बॅटरीवर एक मशीन जोडली. मशीन कसली, टिफिनच्या डब्याएवढी. मी म्हटलं, "हे काय बोलणार रे?" तो म्हणे, "तू बोल तं खरी."

बोलली. दिवसा आमच्याकडे लाईन नसते, गाव चूप असते... आवाज पार नाल्यापलीकडच्या कपाशीत गेला. वेचणाऱ्या बाया कंबर सरळ करून पाहायला लागल्या. भाषण मला काय येते? "बायांनो, रविवारी वेचणी सोडा अन् बाटली आडवी पाडा. ज्याले वाईट वाटन त्यानं कानात बोळे घालावे." सुधाकर वायर धरून हसून राहिला होता.

त्या दिवसांत अंधार पडेपर्यंत त्यानं तोंडाला लावली नाही. हात कापायचे, घाम फुटायचा, तरी ऑटोत बसून राहायचा.

रविवारी बाया आल्या. मजुरी बुडवून आल्या. एक तर ओली बाळंतीण, लेकरू सासूजवळ देऊन आली. पेटी उघडली तर आडवीच आडवी... उभी शोधावी लागत होती. आम्ही गुलाल आणून ठेवला होता.

तेवढ्यात मतदान घ्यायला आलेले साहेब म्हणाले, "ताई, ठराव पडला."

कायदा असा आहे की आलेल्या बायांतून निम्म्या नाही, गावच्या यादीत जेवढ्या बाया आहेत त्यातून निम्म्यापेक्षा जास्त पाहिजे. लग्न होऊन गेलेल्या पोरी, पुण्याला कंपनीत गेलेल्या, ऊस तोडायला गेलेल्या... मेलेल्या सुद्धा, नाव कटलं नसलं तर. जी आली नाही ती दुकानाच्या बाजूनं.

माझी माय मरून गेली, तिचं नाव तसंच आहे. जिंदगीभर माझ्या बापाच्या दारूपायी रडली ती. तीही उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजल्या गेली.

मी भांडली. "मेलेल्या बायांना कुठून आणू साहेब?" ते म्हणे, "नियम मी नाही बनवला." खरंच नव्हता बनवला. कोणीच बनवलेला नसतो.

घरी आली तर सुधाकर ओट्यावर बसलेला. त्याला कळलं होतं. म्हणे, "ताई, आवाज कमी पडला काय? दुसरा डबाही लावाले पाहिजे होता." पुण्यापर्यंत, मसणापर्यंत जाणारा स्पीकर कोणाच्यानं बनते?

सोमवारी दुकान उघडलं. तो गेला नाही. मंगळवारीही गेला नाही, माझ्यासाठी गेला नाही. बुधवारी नागपूरच्या गिऱ्हाइकाचा पडदा चिकटवायला बसला आणि कागद फाटला. दुसरा घेतला, तोही फाटला. सगळं अंग थरथरत होतं. दवाखान्यात चल म्हटलं तर "मले हात लावू नको" म्हणून भिंतीला टेकून रडत बसला.

मग मी उठली, पदर खोचला आणि रस्ता ओलांडून दुकानात गेली.

दुकानदारानं थट्टा केली असती तर बरं झालं असतं. त्यानं नुसतं विचारलं, "पिशवी आणली काय बाई? लोक पाहतीन."

पिशवी नव्हती. बाटली हातात धरूनच आली. हातपंपावर त्याच बाया होत्या, माझ्या आवाजावर कपाशी सोडून आलेल्या. एकीनं पाण्याचा गुंड बाजूला घेऊन मला वाट दिली.

बायांनो, मला काय म्हणायचं ते म्हणा. पण तुम्ही आल्या होत्या, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.